पाव्हण्याचा गिअर

आबाजी चौकशीला बसले की त्यांच्या उजव्या हाताला एक रिकामी खुर्ची ठेवलेली असे. तिच्यावर कोणी बसायचं नाही. पाहुणा दुरून चालत आलेला असला, त्याचे पाय सुजलेले असले, तरी त्याने ओट्यावर बसावं. ती खुर्ची साहेबाची. कोणत्या साहेबाची, हे सांगायला आबाजींना फार आवडे, आणि ऐकणाऱ्याने आधी ऐकलेलं असलं तरी ते पुन्हा सांगत.

तरुणपणी त्यांना अकोल्याच्या सेशन कोर्टात असेसर म्हणून बसवलं होतं. असेसर म्हणजे खात्यापित्या घरचा, चार लोकांत मान असलेला माणूस. त्याने खटला ऐकायचा, शेवटी आपलं मत सांगायचं, आणि ते मानायचं की नाही ते साहेबाने ठरवायचं. आबाजी साहेबाच्या डाव्या हाताला बसले होते. त्यानंतर ते जिथे जिथे बसले, तिथे साहेबाच्या डाव्या हातालाच बसले. चौकशी झाली की ते म्हणत, "हे माहं मत हाये," आणि उजवीकडे खुर्चीकडे पाहत. खुर्ची काही बोलत नसे. मग "साहेबाची हरकत नाही," असं म्हणून ते धोतर झटकून उठत.

परवा मी जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसले होते. रिसोडकडचे एक गृहस्थ ओळखीचे निघाले. त्यांनी इकडचं तिकडचं सांगितलं आणि गाडीचा धूर दिसू लागल्यावर, सामान उचलता उचलता, म्हणाले, "बाई, तुमचे आबाजी गेले बरं." गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. हातातलं पुस्तक उघडलं होतं, पण अकोल्यापर्यंत मी एकच पान वाचत राहिले.

मी रिसोडच्या मुलींच्या शाळेत शिकवायला गेले तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. गाव संपून बागायत सुरू होते तिथे आबाजींचं घर होतं. मागे विहीर, वांगी, मिरची, कांद्याचे वाफे, आणि त्यापलीकडे काळ्या मातीचं कोरडवाहू वावर. ओट्यालगतची खोली त्यांना भाड्याने द्यायची होती. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझी जबानी घेतली. माहेर कुठलं, वडील काय करत होते, शिकवलं कोणी. मग विचारलं, "लग्न काहून नाही केलं?"

"जमलं नाही," मी म्हटलं.

"जमलं नाही का केलं नाही? ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत, बाई."

हा प्रश्न मला तोवर अनेकांनी विचारला होता, पण असा कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "केलं नाही."

"मंग तसं सांगा," ते म्हणाले, आणि किल्ली दिली.

चौकशी कशाचीही होई. एकदा बाजारातून एक बाई काकडी परत घेऊन आली, कडू निघाली म्हणून. दुसऱ्या कोणी तिला दुसरी काकडी देऊन वाटेला लावलं असतं. आबाजींनी तिला ओट्यावर बसवलं. बी कुणाकडचं, वेलाला पाणी कोणी दिलं, शेजारच्या वाफ्यात काय होतं, काकडी तिने देठाकडून चिरली की शेंड्याकडून, सगळं विचारलं. मग वेलापाशी जाऊन उभे राहिले. निकाल लागला तेव्हा दिवाळी आली होती. त्या बाईला टोपलीभर वांगी पोचवली गेली. काकू, म्हणजे आबाजींची बायको, चुलीपाशी बसून म्हणाल्या, "काकडीचा वेल वाळला, जळणात गेला, आन् निकाल आता लागला."

काकूंचं बोलणं आतल्या आतच राही. चौकशीत त्यांना कधी बोलावलं जात नसे. घरच्या माणसाची साक्ष धरायची नाही, असा आबाजींचा कायदा होता.

ट्रॅक्टर आला तो मी तिथे राहायला गेल्यानंतर. अमरावतीकडे कुठेतरी एका बंद पडलेल्या मळ्याचं सामान लिलावात निघालं होतं. आबाजी नांगर पाहायला गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. तो तेव्हाही जुना होता. मागची चाकं लोखंडाची, त्यांना जाड दाते. समोर हँडल मारून सुरू करायचा, पेट्रोलवर सुरू झाला की रॉकेलवर चालवायचा. वाशीमपर्यंत तो रेल्वेने आला. तिथून रिसोडला आणायला चालवणारा कोणी नव्हता, म्हणून आबाजींच्या बैलांनी तो ओढत आणला. रस्त्यावरच्या गावांतली माणसं बाहेर येऊन पाहत होती. बैलांसोबत सखाराम चालत होता.

सखाराम आबाजींचा सालदार. साल ठरवून राहिलेला, पण अनेक सालं एकाच घरी काढलेला, पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याला शेत नव्हतं. कोठ्यातले, म्हणजे गोठ्यातले, बैल त्यानेच लहानाचे मोठे केलेले. ट्रॅक्टर आल्यावर तीनपैकी एक जोडी विकली गेली. ती नेली त्या दिवशी सखाराम जेवला नाही, असं काकूंनी मला सांगितलं. त्या जोडीच्या रिकाम्या जागी, बैलांच्या रांगेतच, आबाजींनी ट्रॅक्टर उभा केला. पावसाने गंजायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सखारामने त्याच्यापुढची जागाही झाडली. मी विचारलं तर म्हणाला, "पाव्हणा हाये, बाई. आला त जागा द्या लागते."

तेव्हापासून कोठ्यात त्याचं नाव पाव्हणा पडलं.

चालवायला आबाजींचा पुतण्या वामन इंझोरीहून आला. विशी ओलांडलेला, अकोल्याला मोटारीच्या कारखान्यात हात काळे केलेला, बोलायला तिखट. मशीन समजावून सांगायची त्याला हौस होती. ऐकणारं कोणी नसेल तर तो सखारामला समोर बसवून सांगे. सखाराम मान हलवत राही. त्याला काय कळतं आणि काय नाही, हे कोणालाच कळत नसे.

त्या वर्षी पोळ्यानंतर चांगली उघाड पडली. रब्बीसाठी राखलेल्या वावरात कुंद्याचं गवत माजलं होतं. कुंद्याची मुळं एवढी खोल जातात की बैलांचा नांगर वरूनच निघून जातो. ट्रॅक्टर घेतला होता तो त्यासाठीच. वामनने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, त्याने क्लच दाबून दांडा पुढे ढकलला, आणि असा आवाज आला की विहिरीवरच्या बाया पाणी सोडून पाहू लागल्या. जात्यात धान्याऐवजी गिट्टी टाकावी तसा. गिअर पडेना. जोर केला तर ट्रॅक्टर एकदम हिसका देऊन पुढे जाई आणि बंद पडे.

मग हे रोज होऊ लागलं. सकाळी तो आवाज आला की रस्त्याने जाणारे म्हणत, "आबाजीचा ट्रॅक्टर दळण दळून राह्यला." कोणी विचारी, "किती पायली झालं?" वामनचे कान लाल होत.

आबाजींनी खुर्ची मागवली.

ट्रॅक्टरसोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, तेलाने पानं चिकटलेलं. ते वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे होतं. "बाई, तुमी पुस्तकाच्या वतीनं," आबाजी म्हणाले. गिअर पडताना आवाज येत असेल तर काय पाहावं, असा एक भाग त्यात होता. मी वाचायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"पुस्तक लिवणाऱ्यानं आपला ट्रॅक्टर पाह्यला हाये का?"

"नाही."

"मंग ते ऐकीव झालं. ऐकीव पुरावा धरता येत नाही."

त्यांचं पहिलं मत असं झालं की दोष दांड्यात आहे. गिअरचा दांडा मध्ये वाकलेला होता. मळ्यावरच्या कुणीतरी तो आपटून वाकवला असणार. लोहाराला बोलावून दांडा सरळ करून घेतला. आवाज होता तसाच राहिला. शिवाय तिसऱ्या गिअरच्या जागी नेताना दांडा आता वामनच्या गुडघ्यावर बसू लागला. मी पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं. चित्रात दांडा वाकडाच होता. गुडघा वाचावा म्हणून तसाच घडवलेला. आबाजींनी चित्र उन्हात धरून पाहिलं.

"हे आधी काहून नाही दाखवलं?"

"तुम्ही ऐकीव म्हणालात."

"चित्र ऐकीव नसते, बाई. चित्र पाह्यलेलं असते."

लोहार पुन्हा आला. दांडा पुन्हा वाकवला. वामनचा गुडघा काकूंनी शेकून दिला.

मग गिअरपेटीतलं तेल काढून काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. दाते तुटले असते तर लोखंडाचे तुकडे निघाले असते. थोडा गाळ निघाला, तुकडे नाहीत. आबाजींनी फडकं घडी करून ठेवून दिलं. मग एका सकाळी त्यांना सुचलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं. ते वामनला म्हणाले, "इंजिन सुरू करू नको. बंद असताना दांडा टाक." वामनने टाकला. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला, लोण्यात सुरी जावी तसे. इंजिन सुरू केलं की पुन्हा गिट्टी.

"पाह्य," आबाजी म्हणाले. "बंद असताना तो गरीब गायीवानी वागते. त्याले कोणीतरी मागून ढकलून राह्यलं. ज्यानं आवाज केला तोच चोर असते असं नाही, वामन. कधी कधी ज्याले मार बसते तो बोंबलते."

आता त्यांनी पुस्तकाला बोलायची परवानगी दिली. पुस्तकात होतं ते मी सांगितलं: इंजिनचा जोर गिअरपर्यंत नेणारी जागा म्हणजे क्लच. पायाने क्लच दाबला की हा जोर तुटला पाहिजे. तुटला नाही तर गिअर फिरतच राहतात, आणि फिरत्या दात्यांत दाते बसत नाहीत. आधी पायाखालची सळई कमीजास्त करून पाहा. तरी नाही झालं, तर क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटल्या असतील. तिथे तेल किंवा वंगण गेलं आहे का पाहा. ती जागा कोरडी हवी.

वामनने सळई कमीजास्त केली. फरक पडला नाही. मग त्याने क्लचवरचं झाकण खोललं, आत बोट घातलं, आणि बाहेर काढलं. बोट पिवळं झालं होतं.

त्याने वास घेतला. "हळद हाये," तो म्हणाला. "तूप हाये."

हे कुणाचं काम, ते कोणी सांगावं लागलं नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं निमंत्रण देतात. घरात हे काम करणारा माणूस एकच होता, आणि तो रॉकेलचा डबा धरून तिथेच उभा होता.

"मशीनच्या पोटात तूप घालते कोणी?" वामन सखारामला म्हणाला. "जोडी इकली त्याचा राग काढला तू. मारून टाकलं याले." मग आबाजींकडे वळून, "काकाजी, याले आजच काढा. नाही त मी इंझोरीले चाललो. हा राहीन, नाही त मी राहीन."

सखारामने डबा खाली ठेवला. तो बोलत नाही हे पाहून मला भीती वाटली. सालाच्या मध्ये, मालकाचं नुकसान केलं म्हणून काढलेल्या सालदाराला त्या भागात दुसरं कोणी ठेवलं नसतं. आणि त्या वयात कामासाठी तो आणखी कुठे जाणार होता.

"उद्या सकाळी," आबाजी म्हणाले. "आज कोणीच कोणाले काढत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला कोर्टाची गोष्ट सांगितली. एरवी ते साहेबाचं, टोपीचं, पंख्याचं सांगत. खटल्याचं कधी सांगितलं नव्हतं. एका माणसावर मालकाची कडब्याची गंजी पेटवल्याचा आरोप होता. आबाजींचं मत पडलं, निर्दोष. साहेबाने ऐकलं, लिहून घेतलं, आणि त्या माणसाला शिक्षा दिली.

"मत माह्यं बरोबर होतं का चूक, मले आजही नाही मालूम," ते म्हणाले. "पर एक सवाल मनात आला होता. त्या दिवशी वारा कोणीकडून होता, एवढंच इचाराचं होतं. असेसराले इचारता येते. म्या तोंड उघडलं, साहेबानं माह्याकडं पाह्यलं, आन् म्या तोंड मिटलं."

धोतर झटकून ते उठले. मग म्हणाले, "जाऊ द्या. तुमी जेवून घ्या."

सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या, एक भरलेली, एक रिकामी. आधी शेजारच्या गंगूबाईची साक्ष झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वामनने ट्रॅक्टर थोडा फिरवला होता, तेव्हा तिने काय पाहिलं, असं आबाजींनी विचारलं.

"पाह्यलं काय, वास आला," ती म्हणाली. "तूप कढल्याचा. म्या सुनेले म्हनलं, आबाजीच्या घरी आजही पोळ्या चालू हायेत, आन् आपून कालच्या शिळ्या खाऊन राह्यलो."

लोक हसले. आबाजींनी हसू दिलं. मग सखारामला समोर बोलावलं.

"तूप-हळद तू लावलं?"

"व्हय."

"कुठं?"

"खांद्याले."

"लोखंडाले खांदा कुठचा?"

सखारामने वामनकडे पाहिलं. "वामनदादानंच दाखवला. म्हनले, बैलाचा जोर जसा खांद्यात असते, तसा याचा जोर इथं असते. झाकणही त्याइनंच खोलून दाखवलं."

"मी समजावून सांगत होतो," वामन म्हणाला.

"चांगलं समजावलं," आबाजी म्हणाले. "त्याच्या ध्यानात राह्यलं. किती लावलं, सखाराम?"

"दोन मुठी. मोठा हाये तो."

"आवतन देलं?"

"देलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सगळ्याइले देलं, त्यालेही देलं."

"मंग आला का जेवाले?" कोणीतरी मागून म्हणालं.

"पोळी त्याच्याम्होरं ठेवली होती," सखाराम म्हणाला. "कोंबड्यानं खाल्ली."

आबाजी जरा पुढे वाकले. मग हळू आवाजात विचारलं, "जोडी इकली त्याचा राग होता?"

"होता."



"कोणावर?"

"तुमच्यावर," सखाराम म्हणाला. "पाव्हण्यावर कायले राग करू? तो काय मागून आला?"

मला वाटलं, इथे संपलं. पण वामन पुढे आला. "काकाजी, एक सवाल राह्यला. तूप कुठून आणलं, ते इचारा त्याले. तुपाचं मडकं कुलपात असते. बैलाची वाटी ठरलेली असते, त्यात पाव्हण्याच्या दोन मुठी कुठून आल्या? चोरलं असन."

सखारामने खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तोवर जे नव्हतं ते आता दिसलं. तो घाबरला होता, पण स्वतःसाठी घाबरल्यासारखा नव्हता. आबाजींनी तोंड उघडलं. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. तुपाच्या कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला असते हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि वामन सोडून कदाचित सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"तो सवाल मी घेत नाही," ते म्हणाले.

"काहून?"

"घेत नाही म्हनलं ना."

ज्या माणसाने कडू काकडीचा एक प्रश्न सोडला नव्हता, त्याने हा सोडला. आणि तो सुटला तर सखारामवरचा चोरीचा बोल तसाच राहत होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते खुर्चीच्या हातावर बोटं दाबून बसून राहिले होते.

तेवढ्यात काकू दारातून बाहेर आल्या. पदर सारखा केलेला, हातात पितळेची वाटी. त्या पुरुषांच्या मधून सरळ आल्या आणि वाटी साहेबाच्या खुर्चीवर ठेवली.

"तूप म्या देलं," त्या म्हणाल्या. "ह्या वाटीनं देलं. सगळ्या गावाले इचारलं, मले काहून नाही इचारत?"

"घरच्या माणसाची साक्ष..." आबाजी म्हणू लागले.

"घरचं कोणं पाह्यलं मंग? गंगूबाईनं?" काकू म्हणाल्या. "दावणीले जो बांधला त्याले आवतन गेलं पाह्यजे. तो जनावर हाये का लोखंड हाये, ते तुमी बाप्ये ठरवा. पर दारात बांधून सणाच्या दिवशी उपाशी ठेवाचं, ते माह्याच्यानं होत नाही. हा म्हने, मायबाई, याले खांदा नाही. म्या म्हनलं, नीट पाह्य, असन कुठं तरी. यानं पाह्यला. आता काढाचं असन त मले काढा."

आबाजींनी सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे वाटी होती.

"वामन," ते शेवटी म्हणाले, "हिले काढाचं का?"

वामनची मान खाली गेली. "काकू, तुमी असं काहून बोलता," तो म्हणाला.

"मंग त्याले एकट्याले कसा काढू?" आबाजी म्हणाले. "देणारीनं भल्यासाठी देलं. लावणाऱ्यानं भल्यासाठी लावलं. दाखवणाऱ्यानंही भल्यासाठीच दाखवलं. लोखंडाले बैलाच्या रांगेत बांधलं कोणं? म्या. हे माहं मत हाये." आणि या वेळी साहेबाची हरकत आहे की नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

क्लच उघडायला ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागला. पुढचा भाग लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवला, मागचा दगडांवर. वामन नटांवर पाने फिरवत होता, सखाराम ओंडके धरून होता. पहिल्या दिवशी दोघं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वामनने चकत्या बाहेर काढल्या, तेव्हा त्या पापडासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. तूप कढून, हळद जळून, त्याचा डिंक झाला होता. पेट्रोलने तो निघेना. काकूंनी चुलीतली राख चाळून दिली. म्हणाल्या, तुपाच्या भांड्याला जी लागते तीच लागणार. वामन पुटपुटला, पण त्याने राख घेतली, आणि दोघं समोरासमोर उकिडवे बसून चकत्या घासू लागले.

"जोरानं घासू नको," वामन म्हणाला.

"बैलाचे दात घासले नाही म्या कधी," सखाराम म्हणाला. "तुमी सांगा तसं."

ओट्यावरून मी ते ऐकत होते. वामनला हसू आलं, आणि ते लपवायला तो पाना शोधू लागला.

सगळं जोडून झालं त्या सकाळी आबाजींनी काकूंना बाहेर बोलावलं. सगळ्यांच्या देखत, नावाने हाक मारून. "तू ये. साक्षीदाराले निकाल आयकाचा हक्क असते." काकू पिठाचे हात तसेच घेऊन आल्या. ओट्यावर गंगूबाई होती, रस्त्यावर दळणाची चेष्टा करणारे होते. वामन सीटवर बसणार, तेवढ्यात आबाजी म्हणाले, "तू नाही. गिअर सखाराम टाकीन."

"मले नाही येत, आबाजी," सखाराम म्हणाला.

"आवतन देता आलं ना? मंग हेही ये."

सखारामने चपला काढून खाली ठेवल्या आणि वर चढला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या सीटवर बसला होता. वामन मागे, नांगर जोडतात त्या पट्टीवर उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून सांगू लागला: डावा पाय, पूर्ण खाली, अजून, आता थांब, एक श्वास घे, आता दांडा. इंजिन थडथडत होतं. सखारामने जिभेने टकटक केलं, बैलांना निघताना करायचा तसं, आणि दांडा पुढे सारला.

आम्ही सगळे तो आवाज यायची वाट पाहत होतो. इतके दिवस तो ऐकून अशी सवय झाली होती की अंग आधीच आकसलेलं. गंगूबाईने कानांवर हात ठेवले होते. आबाजींनी मान वाकडी केली, तळहात कानामागे धरला, डोळे मिटले. गिअरला काय सांगायचं आहे ते त्यांना पूर्ण ऐकायचं होतं. ते तसेच उभे राहिले. चाकांचे दाते ओल्या मातीत रुतत, निघत, कांद्याच्या वाफ्यापलीकडे पोचले, सखारामची पांढरी टोपी कुंद्याच्या वावराकडे वळली, तरी त्यांचा हात कानामागेच होता.

काकूंनी कोपराने त्यांना हलवलं.

"आयकता काय आता?" त्या म्हणाल्या. "गेला तो."